गुजरीतला साज: श्रीमंतीचं माप तोळ्यात काढणारी गल्ली

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, साज हा सोन्याचा पारंपरिक हार घ्यायला जाणार असाल, तर आधी लाखेचा हिशेब समजून घ्या. साजाची पानं आणि जवमणी आतून पोकळ असतात, त्यात लाख भरलेली असते. काट्यावर ठेवलेला साज 30 ग्रॅम दिसला आणि त्यात लाख 8 ग्रॅम असली, तर पैसे 22 ग्रॅमचेच द्यायचे. बिलावर एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगवेगळं लिहून घ्या. मजुरी कशावर लावली, तेही विचारा; गोंधळ बहुतेक तिथेच होतो. सोनं आणि मजुरी मिळून होणाऱ्या रकमेवर 3 टक्के जीएसटी.

916 चा, म्हणजे 22 कॅरेटचा, शिक्का बघा आणि एचयूआयडी हा दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तिथेच तपासा. 2 लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतं, आणि 2 लाख किंवा जास्त रोख दुकानदाराला घेताच येत नाही.

गल्लीचं काम सुबक, यात शंका नाही. पारंपरिक 21 पानांची ठेवण इथल्या कारागिरांच्या हातात बसलेली आहे.

पण अंगावरचा साज बघून माणूस श्रीमंत ठरवू नये. आयकरात अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, वर्षाला 50 लाखांच्या वरच्या उत्पन्नावर सुरू होतो. सरकारची श्रीमंतीची रेघ तिथे. आमच्या मते ठेव न मोडता, हप्ता न लावता जो पूर्ण साज घेतो, तो श्रीमंत. इतरांनी ठुशीपासून, म्हणजे गळ्यालगतच्या छोट्या हारापासून, सुरुवात करावी.

साज उन्हात, गरम जागी ठेवू नका. लाख मऊ पडली की पानाला पोचा येतो.