मराठी ब्लॉगसाठी वर्डप्रेस: एक परीक्षण

ब्लॉग आणि संकेतस्थळे चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. मराठीत नियमित लिहू इच्छिणाऱ्याला, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणाऱ्या या मुक्त प्रणालीची शिफारस मी आजही विनासंकोच करीन. सारा मजकूर हवा तेव्हा एका एक्सएमएल फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे नेता येतो, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

देवनागरी शीर्षक देणाऱ्याने मात्र एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. लेखाच्या दुव्याचा, म्हणजे वेबपत्त्याचा, एक भाग शीर्षकावरून आपोआप तयार होतो. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय अक्षरसंकेतात तीन बाइट घेते आणि दुव्यातल्या टक्के-चिन्हांच्या सांकेतिक रूपात त्याची नऊ अक्षरे होतात, तर दुव्याच्या या भागाला मर्यादा आहे २०० अक्षरांची. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे मावतात. काना, वेलांटी आणि जोडाक्षरातला अदृश्य हलन्तही स्वतंत्र मोजला जात असल्याने ‘महाराष्ट्रातील’ या एकाच शब्दात १४ चिन्हे खर्ची पडतात आणि पुढचे शीर्षक मध्येच तुटते. शिवाय असा दुवा कुणाला पाठवला की अनेकदा टक्के-चिन्हांची रांगोळीच उमटते! त्यामुळे लेख प्रकाशित करण्यापूर्वी दुवा रोमन लिपीत, आटोपशीर, स्वतः लिहावा.

डिसेंबर २०१८ मधील ५.० आवृत्तीपासून आलेला गुटेनबर्ग संपादक (लेख लिहिण्याची खिडकी; यात प्रत्येक परिच्छेद वा चित्र हा वेगळा ठोकळा असतो) चित्रांच्या मांडणीला उत्तम आहे. सलग गद्य लिहिणाऱ्याला परिच्छेदागणिक नवा ठोकळा खटकत असेल, तर त्याने ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची छोटी प्रणाली) बसवावे.