व्याख्यान ठेवायचं की गोल बैठक? वैचारिक कार्यक्रम ठरवणाऱ्या कोल्हापूरच्या तालीम-मंडळांसाठी

उत्सव आटोपले, वर्गणीतले चार पैसे शिल्लक राहिले की तालमीत कुणीतरी म्हणतंच, "यंदा काहीतरी वैचारिक करूया." लगेच वक्त्यांची नावं निघतात. पण आधी ठरवायचं ते वेगळंच: आपल्या लोकांनी ऐकायचंय की बोलायचंय? एकाच संध्याकाळी दोन्ही बसवायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतं.

व्याख्यानाचा हिशेब घड्याळ लावूनच करावा. समजा, सभागृह ६ ते ८.३० हातात आहे. पत्रिकेत ६ छापलं तरी माणसं ६.३० ला स्थिरावतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ आणि ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांचे फेटे यात ७ वाजतात. वक्ता तासभर बोलतो, अध्यक्षीय भाषण १५ मिनिटं, आभार ५. प्रश्नांना उरली १० मिनिटं. त्यात पहिला उठणारा म्हणतो, "प्रश्न नाही, पण दोन शब्द बोलतो." संपलं.

यावर इलाज आहे. सत्कार फक्त वक्त्याचा ठेवा, अध्यक्षीय भाषण काढून टाका. दारातच कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली द्या. भाषणाच्या पाऊण तासाला चिठ्ठ्या गोळा करून सारखे प्रश्न एकत्र करा आणि सूत्रसंचालकाने ते वाचावेत. अर्धा तास सहज सुटतो. चिठ्ठीत उलटप्रश्न विचारता येत नाही, एवढी तिची खोट.

व्याख्यान खरं शोभतं ते श्रोत्यांकडे नसलेली माहिती आणायची असते तेव्हा. पुराभिलेखागारातले मोडी कागद कसे वाचतात, हे वीस जणांनी गोल बसून कितीही चर्चा केली तरी कळणार नाही. तिथे जाणकारच हवा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. तो साचा टिकलाय तो उगाच नाही. श्रोते शंभराच्या पुढे येणार असतील तर दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन सोयीचं.

पण गणपतीचं विसर्जन पंचगंगेत करायचं की इराणी खणीत, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीत, हा प्रश्न घ्या. यात वक्ता काय सांगणार? नदीचं पाणीही सगळ्यांनी पाहिलंय आणि मिरवणूकही. इथे माणसांनी एकमेकांचं ऐकून घ्यायला हवं आणि त्यासाठी गोल बैठक.

माणसं वीस, वेळ ९० मिनिटं. सुरुवातीची आणि शेवटची दहा-दहा मिनिटं वजा केली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात. चाळीस आले तर पावणेदोन, म्हणजे नुसती हजेरी. पंचविसाच्या वर गेलात तर सरळ दोन गोल करा. चार दिवस आधी विषयाचं पानभर टिपण वाटा. चर्चा चालवणारा एक आणि घड्याळ बघणारा दुसरा. एकालाच दोन्ही दिलं तर वेळेकडे दुर्लक्ष ठरलेलं. सगळ्यांचं एकदा बोलून होईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. "माझं नंतर" म्हणायची मुभा ठेवा.

बसायचं कसं, हे किरकोळ वाटतं, पण तिथेच गाडी अडते. चार ज्येष्ठ खुर्चीवर आणि बाकीचे जमखान्यावर असं झालं की खालचे वर बघत बोलतात आणि खुर्चीवरचे निकाल दिल्यासारखे. सगळे खुर्चीवर, नाहीतर सगळे खाली. वस्तादांना शेवटी बोलायची विनंती करा. ते आधी बोलले की त्यांच्यासमोर पोरं वेगळं मत मांडत नाहीत, आणि यात वस्तादांचा काही दोष नसतो. बायकांनी यावं असं खरंच वाटत असेल तर तालमीचा हॉल सोडा. शाळेचा वर्ग किंवा वाचनालय बघा आणि संध्याकाळी सातची वेळ टाळा, ती भाकरीची वेळ. रविवारी ४ ते ५.३० बरं पडतं. फक्त त्या दिवशी शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा फुटबॉलचा सामना नाही ना, एवढं बघून घ्या.

विषय मोठा घेतला की बैठक फसते. "शाहू महाराजांचे विचार आणि आजचा समाज" म्हटलं की सगळे गौरव करतात आणि चहा पिऊन जातात. त्याऐवजी विचारा: १९०२ च्या हुकुमाने दरबारच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, त्याआधी त्या जागांवर कोण होतं आणि का? आता टिपण वाचल्याशिवाय बोलता येत नाही. दुसरा धोका गटार-पाण्याच्या तक्रारींचा. त्यांना अडवू नका, भिंतीवर "नंतरचे विषय" असा कागद लावून त्यावर लिहा. दोन गटांची माणसं समोरासमोर बसवू नका, आलटूनपालटून बसवा. आणि बैठकीनंतर दोन दिवस व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेवा. समोर तोंड न उघडलेला माणूस तिथे रात्री अकराला सुरू होतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे उघड्यावरचा जाहीर वाद. "बिंदू चौकात या" हे आव्हान कोल्हापूरकरांना नवं नाही. परवानगी, लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, आणि कोण मागे हटलं याचीच चर्चा. मंडळाने या वाटेला जाऊ नये.

खर्चात तर तुलनाच नाही. व्याख्यानाला सभागृह, साऊंड, डिजिटल बोर्ड आणि वक्त्याचा प्रवास. बैठकीला वीस झेरॉक्स आणि चहा. पण बैठकीचा वार हलला की तिसऱ्या महिन्याला निम्मी माणसं गळतात. महिन्याचा दुसरा रविवार म्हटलं की दुसराच.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी चार बैठका घ्याव्यात आणि व्याख्यान पाचव्या महिन्यात ठेवावं. चार बैठकांत ज्या प्रश्नांवर सगळे अडले, त्यांचा कागद वक्त्याला आठवडाभर आधी पाठवा आणि त्यावरच बोलायला सांगा. ठरलेलंच भाषण करणारा वक्ता तो कागद बघूनच नकार देतो. मग दुसरा शोधा.