कार्बन की नायट्रोजन? सोलापूरच्या हवेसाठी

भाची सोलापुरात एम.एस्सी. करते. हवेतल्या धुळीचा उगम शोधायला कार्बनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) मोजावेत की नायट्रोजनचे, इथं तिचं अडलंय.

आपल्याकडे कार्बनची बाजू भक्कम. ऊस आणि ज्वारी ही सी-४ पिकं, म्हणजे हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीनं घेणारी. त्यांचं कार्बन-१३ चं (जड कार्बनचं) मूल्य, म्हणजे ठरावीक प्रमाणाशी तुलना केलेला फरक, उणे १२ ते उणे १४ प्रति हजारच्या आसपास. कडुलिंब-बाभळीचं सरपण उणे २७ च्या आसपास, कोळसा-डिझेलही तिकडेच. म्हणजे पाचटाचा धूर वेगळा कळतो, पण कोळसा आणि डिझेल यांची ताटातूट होत नाही. शिवाय आपल्या मातीत चुनखडी. तिचं मूल्य शून्याजवळ, त्यामुळे ती उसाच्या धुराचा भास निर्माण करते. म्हणून धूळ गोळा केलेल्या फिल्टरला आधी आम्लाची वाफ देऊन चुनखडी घालवायचीच. ही पायरी गाळू नकोस, बाळा!

नायट्रोजन-१५ (जड नायट्रोजन) कोळशाच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडमध्ये सहसा जास्त, गाड्यांच्या धुरात कमी, खतावलेल्या जमिनीतून येणाऱ्यात फारच कमी. मात्र हवेत त्याचं नायट्रेट होताना रासायनिक क्रियांनी आकडे सरकतात. नायट्रेटचं मोजमापही किचकट: बहुधा जिवाणूंकरवी त्याचा नायट्रस ऑक्साइड करून घ्यावा लागतो.

ऊसतोडीच्या हंगामातला धूर शोधायचा असेल तर कार्बन पुरे. वीजकेंद्राची चिमणी की महामार्ग, हा प्रश्न असेल तर नायट्रोजन घे. वेळ मात्र हाताशी ठेव.