राणीछाप रुपयाला निम्म्या चांदीचा भाव : आत्याची झालेली फसवणूक

आमच्या आत्याने सासूकडून आलेले चांदीचे रुपये आयुष्यभर जपले. नातीच्या बारशाला वाळे आणि साखळी करायची म्हणून तिने ते मोडीत काढले, आणि सराफाने तिला सरळसरळ लुबाडलं. तसे प्रकार आणखी घरांत होऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

सराफाने ढिगातला एक रुपया उचलला, मशीनवर ठेवला. आकडा आला ५० टक्के. "आजी, हे रुपये निम्मे तांब्याचेच असतात," असं सांगून त्याने सगळ्या ढिगाला तोच भाव लावला. मशीन खरं बोलत होतं. पण त्याने उचललेला रुपया होता १९४४ सालचा, सहाव्या जॉर्जचा. ढिगात बहुतेक रुपये राणीछाप आणि पाचव्या जॉर्जचे होते.

खरी गोष्ट अशी. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे. सहाव्या जॉर्जच्या १९३८ आणि १९३९ सालच्या रुपयातही तेवढीच. महायुद्धात लोक चांदीचे रुपये दडवू लागले आणि १९४० पासून सरकारने चांदी ५० टक्क्यांवर आणली. उरलेलं ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन मात्र बदललं नाही, दोन्हींचं ११.६६ ग्रॅमच. म्हणून काट्यावर फरक कळत नाही. लोहचुंबकही कामाचा नाही, तो दोघांनाही धरत नाही. तो धरतो फक्त १९४७ चे निकेलचे रुपये, त्यांत चांदी नाहीच. चांगल्या रुपयात चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, १९४० नंतरच्यात ५.८३. म्हणजे आत्याच्या प्रत्येक राणीछाप रुपयामागे जवळजवळ पाच ग्रॅम चांदी त्याने गिळली. म्हाताऱ्या माणसाच्या विश्वासावर असा डल्ला मारणाऱ्याला व्यापारी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लक्ष्मीपूजनासाठी म्हणून आत्याने दोन रुपये मागे ठेवले होते. ते दुसरीकडे तपासले तेव्हा आकडा नव्वदच्या वर आला. आम्ही पावती घेऊन गेलो, तोवर रुपये वितळवून झाले होते. पावतीवर नुसतं 'जुनी चांदी' आणि वजन. कोणत्या राजाचे, कोणत्या सालचे, किती नग, काहीच नाही. भांडायला हातात काही उरलं नाही.

तुमच्या घरात असे रुपये असतील तर दुकानात जाण्याआधी मुखवटा आणि साल बघून ते वेगळे करा. साल झिजलं असेल तर कडेवर बोट फिरवा: १९४० पासूनच्या रुपयांच्या कडेला उभ्या रेषांच्या मधोमध नक्षीची खाच आहे, आधीच्यांना नुसत्या रेषा. प्रत्येक गटातला नग आपण निवडून द्यायचा, सराफाने नाही. सालं पावतीवर लिहून घ्यायची, फोटो काढून ठेवायचे. आणि १९३९ चा रुपया सापडला तर तो मोडीत अजिबात घालू नका. तो फार दुर्मीळ आहे, नाणेसंग्राहक त्याला चांदीच्या कितीतरी पट किंमत देतात.