चटणीचा डंक, मंगळवार पेठ : पाचपैकी साडेचार

डंक म्हणजे मिरची-मसाला कुटून द्यायची जागा. या डंकाचं नाव देत नाही. तो चालवणाऱ्या मावशींना विचारलं होतं, तर म्हणाल्या, "वाईट लिवणार असला तर नाव नगं. आणि चांगलं लिवणार असला तर मे महिना संपू दे, आत्ताच बसायला जागा न्हाई." पेठेत राहणाऱ्याला तसंही नाव लागत नाही. मार्च सरला की गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. आधी आवाज येतो, मग शिंक.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. वर्षभराचं कांदा-लसणाचं तिखट. आमटी, भरलं वांगं, मिसळीचा कट, तांबडा रस्सा, सगळ्यांत तेच पडतं. ते एकदा बिघडलं की पुढच्या एप्रिलपर्यंत रोज दोन्ही वेळेला बिघडलेलं खायचं.

माझा धंदा छपाईचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं. एप्रिल म्हणजे ऐन लग्नसराई, म्हणून चटणीचं खातं कायम बायकोकडं. माझं काम स्कूटरवरून डबे नेण्या-आणण्यापुरतं. गेल्या वर्षी तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं आणि आईचं म्हणणं, विकतची पाकिटं आणली तर मी जेवणार नाही. तेव्हा सगळा कारभार माझ्या गळ्यात आला.

लक्ष्मीपुरीतून तीन किलो मिरची आणली. दीड किलो ब्याडगी, एक किलो संकेश्वरी, अर्धा किलो लवंगी. ब्याडगी रंगासाठी. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाची ही सुरकुतलेली मिरची, 2011 पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. तिखटपणा बेताचा, पण रंग असा की बोटाचा दोन दिवस जात नाही. संकेश्वरी चवीला आणि लवंगी झणक्याला. लवंगी अर्धा किलो बघून आईनं कपाळाला हात लावला, पण तो विषय वेगळा. मिरची दोन दिवस गच्चीवर वाळवली, देठं मोडली, धने-जिरे-तीळ-खोबरं आणि खडा मसाला भाजला. राहिला कांदा. तो उभा चिरून, उन्हात एक दिवस टाकून, मग तेलात तळायचा. हातात चुरगाळला की कुरकुरत चुरा व्हायला हवा. हे मला सांगितलेलं होतं. पण त्या दिवशी दुपारी एका पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं. कांदा लाल दिसला, मी गॅस बंद केला.

डंक बघितला नसेल तर एकदा बघाच. भिंतीलगत ओळीनं उखळं, वर लोखंडी मुसळं. मोटारीच्या पट्ट्यावर एक दांडा फिरतो, त्याला बसवलेले खटके एकेक मुसळ उचलतात आणि सोडून देतात. धाड, धाड, धाड. मिरची दळली जात नाही, कुटली जाते. गिरणीत पीठ गरम होऊन बाहेर येतं, तसं इथं होत नाही, म्हणून रंग आणि वास टिकतो. आधी मिरची कुटून चाळायची, वर राहिलेलं पुन्हा उखळात. मग मसाला, मीठ, आणि शेवटी कांदा-लसूण. कांदा पडला की आवाज बदलतो, जरा दबका होतो. त्यावरून मावशींना पाठ करूनही कळतं कोणत्या उखळात काय चाललंय.

कामाबद्दल सांगायचं तर हात चोख आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांची मिरची मावशी सकाळी पहिल्या घाण्याला, धुतलेल्या उखळांत घेतात. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये उखळ झाडून, मूठभर जाडं मीठ कुटून काढतात. वजन तुमच्यासमोर, जाताना आणि येताना. मजुरी शेजारच्या डंकापेक्षा किलोला पाच रुपये जास्त आहे, त्यावरून रांगेत कुणीतरी रोज कुरकुरतं आणि तरी रांगेतच राहतं. गैरसोयी आहेत. गाडी लावायला जागा नाही. एप्रिलमध्ये अकरानंतर गेलात तर संध्याकाळ तिथंच. पंखा ठसक्याला घालवत नाही, फक्त फिरवत राहतो. मशीन चालू असताना मावशी फोन उचलत नाहीत, त्यामुळं दुपारी एकपर्यंत त्यांना फोन करणं व्यर्थ. आणि चटणी माझ्या मते किंचित जाडी ठेवतात. आमच्या घरात या मताला कुणी विचारत नाही.

एवढ्यावर मी चार तारे देऊन गप्प बसलो असतो. उरलेला अर्धा ऑगस्टमधला आहे.

तीन किलो मिरचीची चटणी साडेपाच किलो भरली होती. बरणीत दाबून भरली, मध्ये मध्ये हिंगाचे खडे, तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधला. जून-जुलै बरे गेले. मग पाऊस लागला तो लागलाच. सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाण्याचे आकडे बघत होतं, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. घरात मीठ पाझरत होतं, काडेपेटी पेटत नव्हती. एका सकाळी बायकोनं दादरा सोडला तर बरणीच्या गळ्याशी पांढरी बुरशी. ती काही बोलली नाही. आई बोलली. त्यातलं अर्धं इथं लिहिण्यासारखं नाही.

बरणी घेऊन डंकावर गेलो तो भांडायला नव्हे. चूक कुणाची हे मला माहीत होतं. वरचा थर काढून खालचं वापरता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

इथं माझ्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. बिलबुकाच्या तळाला दोन ओळी असतात. एक 'चू. भू. दे. घे.', म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. दुसरी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ही दुसरी ओळ मी इतक्या वर्षांत इतक्या दुकानांना छापून दिली आहे की गिऱ्हाईक मागत नसलं तरी मजकुरात आपोआप येते. ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक गृहस्थ पत्रिका छापायला आले होते, त्यांनी मला खडसावलं होतं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. मी मान डोलावली आणि ओळ छापत राहिलो.

माझी स्वतःची ढाल म्हणजे प्रूफावरची सही. एकदा एका पत्रिकेत मुहूर्ताची मिनिटं चुकली. मजकुरात 52, छापली 25. चारशे पत्रिका. मुलीचे वडील आले, मी फाइलमधून प्रूफ काढून त्यांच्याच सहीवर बोट ठेवलं. ते काही बोलले नाहीत, पैसे पूर्ण दिले, आणि घरच्यांनी बसून चारशे पत्रिकांवर पेनानं दुरुस्ती केली. धाकटीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी माझ्याकडं छापली नाही.

तर त्या हिशेबानं कांदा माझा, तळला मी, डब्यात भरून नेला मी. वर चार महिने झालेले. तीस दिवस कुठले आणि काय कुठले. मावशींनी "कांदा तुमचाच हुता की" म्हटलं असतं तर मी मुकाट बरणी उचलली असती.

त्यांनी बरणीत नाक घातलं, चमच्यानं कडेची चटणी काढून बोटांत चोळली. म्हणाल्या, "वरचं काढून खालचं खायचं न्हाई. बुरशी वर दिसती, पर ती आत गेल्याली असती. सगळी टाका." मग फळीवरून वही काढली. डंकावर येणाऱ्या प्रत्येक घाण्याची नोंद त्या वहीत असते. गिऱ्हाईक, वजन, कोणती मिरची किती, मीठ किती. चष्मा लावून एप्रिलची पानं उलटली आणि माझ्या नावावर बोट ठेवून वही माझ्याकडं फिरवली. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कांदा जरा मऊ'.

"हे बघा. मीच लिवलंय."

मला आधी समजलंच नाही त्या काय दाखवताहेत. वाटलं, आता माझ्यावरच पुरावा काढला.

"तुमचा कांदा ओला हुता, ते तुमचं चुकलं," मावशी म्हणाल्या. "तुमास्नी काय ठावं त्यातलं, पयल्यांदाच करायलाय. पर मला ठावं हुतं. लिवलं आणि तसंच कुटलं. त्या दिशी बाहेर वीस माणसं बसल्याली, म्हटलं जाऊ दे. परत पाठवायला पायजे हुता."

मी म्हटलं, "मावशी, कांदा मी तळला."

"उखळात मी टाकला न्हवं?"

ती वही त्यांनी मला दाखवली नसती तर मला जन्मात कळलं नसतं. वही त्यांची, अक्षर त्यांचं, फळीवर ठेवलेली. मी मागितलीही नव्हती. दुकानात तेव्हा तिसरं माणूस नव्हतं.

पुढचा व्यवहार त्यांनीच ठरवला. मिरची आणि मसाला त्यांचा, कुटायची मजुरी नाही. लसूण मी आणायचा. कांदाही माझाच, पण तळायचा त्यांनी. "तुमी तळू नगा," हे दोनदा बजावलं. पावसाळ्यात मिरचीला ऊन कुठून दाखवणार? उन्हाळ्यात वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवलेली त्यांच्याकडं दीड किलोच शिल्लक होती. ती कढईत मंद आचेवर शेकून, चार दिवसांनी चटणी दिली. राहिलेली दीड किलोची दिवाळी झाल्यावर, नवीन ऊन पडल्यावर. मी पैसे पुढं केले तर म्हणाल्या, "मिरचीचं निम्मं द्या, निम्मी चूक तुमची हाय." यावर काय बोलणार? निम्मे दिले. दिवाळीनंतर त्यांनीच फोन केला, मला आठवण करावी लागली नाही. फक्त या दुसऱ्या खेपेला ब्याडगी जरा फिकी निघाली, आईनं ते लगेच ओळखलं. म्हणून पाच नाही, साडेचार.

एक गोष्ट मला नंतर समजली, तीही शेजारच्या वहिनींकडून. माझी बरणी गेल्यावर मावशींनी वहीची एप्रिल-मेची सगळी पानं चाळली. 'कांदा मऊ', 'लसूण ओला', 'मीठ कमी वाटलं' असं जिथं जिथं लिहिलेलं सापडलं, तिथं एकेकाला फोन लावून बरणी उघडून बघायला सांगितलं. वहिनींना तसाच फोन आला होता. त्यांच्या बरणीला काही झालं नव्हतं. उलट त्या वैतागल्या होत्या, म्हणाल्या, "भर पावसात दादरा सोडायला लावला बाईनं."

जानेवारीत मावशी माझ्या छापखान्यात आल्या. इतकी वर्षं साध्या चिठ्ठीवर चाललं होतं, आता पावतीपुस्तक हवं. दोन प्रती, कार्बनची, नंबर घातलेली. मी नेहमीचा मजकूर स्क्रीनवर काढला, तळाला नेहमीची ओळ आली. मावशींनी वाचून विचारलं, हे काय? मी सांगितलं, सगळे घालतात, काढून टाकू का? म्हणाल्या, काढा. त्या जागी काय घालू विचारलं तर फोन नंबर सांगितला. तो तर वर आहेच, म्हटलं. "खाली पण घाला. वरचा फाटतो, पावती लोकं वरनंच फाडत्यात."

तो खाली मोठ्या टायपात घातला. मुलीच्या वडिलांच्या त्या पत्रिकेचं प्रूफ अजून माझ्या फाइलमध्ये आहे. त्यांना फोन करायचं मनात येतं, पण अजून केलेला नाही. प्रूफावर सही मात्र आता गिऱ्हाइकाच्या आधी मी करतो. एवढंच झालंय, उगाच फार काही बदललं म्हणून सांगत नाही.

जाणार असाल त्यांच्यासाठी: सकाळी आठच्या आत जा. देठं घरी मोडून न्या, तिथं मोडून देत नाहीत. मीठ जाडं न्या. सोमवारी बंद. डोळ्यांना रुमाल आणि अंगात जुना शर्ट. ऑनलाइन पैसे आता घेतात, पण पडद्यावर आकडा दाखवून भागत नाही, त्यांच्या सुनेनं "आले" म्हटल्याशिवाय डबा हलत नाही.

आणि कांदा नीट तळून न्या. दारातच आता एक पितळी परात ठेवली आहे. मावशी डब्यातला मूठभर कांदा त्यात घेऊन चुरगाळतात. चुरा झाला तर आत, नाही तर घरी, मग बाहेर वीस माणसं असोत की चाळीस. परवाच्या शनिवारी माझ्यासमोर दोघांचे डबे परत गेले. त्यातला एक माझा होता.