अधिकृत नियमनिवाडे पंच म्हणून वापरताना: काही महिन्यांचा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडवर एका मित्राच्या घरी रविवारी आमचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, पात्रे घेऊन टेबलाभोवती खेळायच्या कथाखेळाचा डाव बसतो आणि तो २०१४ च्या (पाचव्या आवृत्तीच्या) पुस्तकांवर चालतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही असे ठरवले, की नियमावरून वाद झाला तर डीएमवर (डाव चालवणाऱ्या सूत्रधारावर) भार न टाकता ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ या नावाने निघणारा अधिकृत खुलासा शोधायचा आणि तो सर्वांनी मानायचा. पुढील मत खेळाबद्दल नसून या व्यवस्थेबद्दल आहे.

हे सदर जुने आहे. १९७९ पासून ते ‘ड्रॅगन’ मासिकात येत असे. पाचव्या आवृत्तीच्या काळात मात्र खुलासे दोन वाटांनी येऊ लागले: एक संकलित पुस्तिका, आणि दुसरी मुख्य नियमरचनाकाराने ट्विटरवर दिलेली एकदोन ओळींची उत्तरे. आमचे बहुतेक वाद या दुसऱ्या वाटेने चिघळले.

सर्वांत लांबलेला वाद ‘शील्ड मास्टर’ या फीटचा, म्हणजे पात्रासाठी निवडायच्या एका खास कौशल्याचा, होता. आपल्या पाळीत अटॅक अ‍ॅक्शन (हल्ल्याची मुख्य कृती) घेतली, तर बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली एक जादा कृती) वापरून ढालीने शत्रूला ढकलता येते, एवढेच मूळ वाक्य सांगते. आधी ढकलून पाडले तर जवळून केलेल्या प्रत्येक वाराला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) मिळतो आणि नंतर ढकलले तर त्या पाळीतले आपले वार होऊन गेलेले असतात. म्हणजे त्या फीटची निम्मी किंमत या क्रमावरच ठरते. २०१५ मध्ये रचनाकाराचे उत्तर असे होते, की क्रम खेळाडूने ठरवावा. २०१८ मध्ये त्याच व्यक्तीने ते फिरवले, आणि पुढे संकलनातही स्पष्ट ‘नाही’ छापले गेले: अटॅक अ‍ॅक्शन घेण्याचा नुसता इरादा पुरेसा नाही, ती आधी घेतलेली असली पाहिजे. आमच्या फायटरने (लढवय्याचे पात्र खेळणाऱ्याने) पहिले उत्तर वाचून पात्र घडवले होते, डीएमने दुसरे वाचले होते, आणि दोघांच्याही मोबाइलवर ‘अधिकृत’ पुरावा होता.

आमच्यातला एक जण अंबडच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. रिव्हिजन क्रमांक नसलेले ड्रॉइंग आम्ही मशीनपर्यंत जाऊ देत नाही आणि इथे तुम्ही जुन्या ड्रॉइंगवर माल काढता आहात, असे तो म्हणाला. तेव्हापासून कोणताही खुलासा वाचताना आधी त्याची तारीख वाचली जाते.

अदृश्यतेबाबत प्रकरण आणखी विचित्र झाले. अदृश्य शत्रू दिसावा म्हणून विझार्डने (जादूगाराने) ‘सी इन्व्हिजिबिलिटी’ या मंत्रावर आपल्या मोजक्या मंत्रसंधींपैकी एक (स्लॉट) खर्च केला, तरी त्या शत्रूवरच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा) राहतोच, असा रचनाकाराचा अर्थ होता. २०१४ च्या मजकुराची शब्दशः फोड केली तर तो चुकीचा म्हणता येत नाही. पण टेबलावर तो पटवून देणे अशक्य झाले आणि आम्ही तो सरळ बाजूला ठेवला. २०२४ च्या सुधारित पुस्तकात ‘जो तुम्हाला पाहू शकतो त्याच्याविरुद्ध हा फायदा नाही’ असे स्वच्छ लिहिले आहे. नियम दुरुस्त करायचा तर मूळ वाक्यच बदलायला हवे. खुलाशाने ते काम होत नाही.

तरीही संकलन निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पॅलाडिनने (धर्मयोद्ध्याने) नुसत्या मुठीने मारल्यावर ‘डिव्हाइन स्माइट’, म्हणजे शस्त्राच्या वाराला जोडायची दैवी जादा इजा, चालतो का, या प्रश्नाला तिथे ‘नाही’ असे उत्तर आहे. पण पुढेच सांगितले आहे, की डीएमने परवानगी दिली तरी खेळाचा तोल बिघडत नाही, शस्त्राची अट केवळ पॅलाडिनच्या परंपरागत प्रतिमेसाठी घातली होती. असे कारण हाती आले की निर्णय घेणे सोपे होते. नुसत्या होय-नाहीपेक्षा मला याचीच किंमत अधिक वाटते.

एक गोष्ट आम्ही खूप उशिरा वाचली, तीही त्याच संकलनात. नियमांचे अधिकृत अर्थ फक्त तिथलेच, खेळ घडवणाऱ्या चमूची इतर जाहीर विधाने म्हणजे निव्वळ सल्ला, आणि अखेरचा शब्द डीएमचा, असे त्यात म्हटले आहे. ज्याच्यावरचा भार उतरवायला आम्ही निघालो होतो, त्याच्याकडेच त्यांनी तो परत पाठवला होता!

सध्या ट्विटरवरची उत्तरे आमच्याकडे पुरावा म्हणून चालत नाहीत. संकलन सेशननंतर उघडले जाते, चालू लढाईत नाही. ‘शील्ड मास्टर’ मात्र आम्ही २०२४ च्या मजकुराप्रमाणे घेतला आहे: वार लागला की लगेच ढालीचा धक्का, बोनस अ‍ॅक्शन न खर्चता, पाळीत एकदाच. फायटरची तक्रार मिटली आहे. डीएमच्या मते ते फीट आता जरा जास्तच जोरकस झाले आहे.