जुन्या पिकअपला वायपरच्या नव्या दांड्या: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

वायपर नीट पुसत नाही म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो: रबर बदल. एपीएमसी मार्केटच्या गेटवर पाऊस लागला की पोरं हातात रबरं घेऊन गाड्यांच्या मागे फिरतात, आपणही घेतो, आठ दिवस बरं चालतं, आणि मग काचेच्या मधोमध तोच ओला पट्टा परत दिसायला लागतो. बरोब्बर ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर. माझं म्हणणं असं आहे की दहा-बारा वर्षं झालेल्या गाडीत दोष बहुतेक वेळा रबराचा नसतो, दांडीचा असतो, म्हणजे ज्या हातावर ब्लेड अडकवलेलं असतं त्याचा. दांडीच्या आत एक स्प्रिंग असते आणि ब्लेड काचेवर दाबून धरायचं काम तिचं. ती सैल पडली की तुम्ही कितीही भारी रबर घाला, ते काचेवरून नुसतं फिरतं, पाणी कापत नाही.

आमची पिकअप जुनी आहे, 2011 सालची. रात्री तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधून माल भरायचा आणि पहाटेच्या आत ठाण्यात, कधी घोडबंदर रोडला पोचवायचा, हे रोजचं काम. म्हणजे गाडी चालते ती अंधारात, आणि पावसाळ्याचे चार महिने अंधार अधिक पाणी. मुंब्रा बायपासला पुढे कंटेनर असला की त्याच्या चाकांचा चिखलाचा फवारा थेट काचेवर येतो. वायपरने ते पाणी कापलं नाही, पातळ थर मागे ठेवला, तर समोरून येणाऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड त्या थरात पसरतो आणि दोन-तीन सेकंद रस्ताच दिसत नाही. ज्याने हे अनुभवलंय त्याला वायपर ही किरकोळ गोष्ट वाटणार नाही.

दांडीचा जोर मोजता येतो, आणि त्यासाठी गॅरेजला जायची गरज नाही. लटकवायचा छोटा स्प्रिंग काटा घ्या. दांडीच्या टोकाला, जिथे ब्लेड अडकतं तिथे, त्याचा हुक घाला आणि काचेपासून सरळ बाहेर ओढा. रबर काचेवरून नुकतं सुटतं त्या क्षणीचा आकडा वाचा. माझ्या जुन्या दांडीला नवं कोरं रबर लावूनही ड्रायव्हरच्या बाजूला 400 ग्रॅमच्या आसपास भरत होते. ब्लेड 18 इंची. एवढ्या लांबीच्या ब्लेडला साधारण 650 ते 700 ग्रॅम दाब लागतो. मग रबराला दोष देण्यात काय अर्थ?

2025 च्या मे महिन्यात मी दोन्ही दांड्या बदलल्या. लोकल बाजारातल्या आहेत, गाडीच्या कंपनीच्या नाहीत, जोडी सातशेच्या आत बसली. वेळ बरी साधली म्हणायची, कारण त्या वर्षी मान्सून मुंबईत 26 मे रोजीच दाखल झाला. नेहमीची तारीख 11 जून, म्हणजे दोन आठवडे आधी.

आता काढण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बदलण्यातला खरा त्रास तिथेच आहे. नवी बसवायला दहा मिनिटं पुरतात. जुनी निघताना घाम काढते.

दांडीचं बूड बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं आणि ती ज्या शाफ्टवर बसते तो लोखंडी. शाफ्टला बारीक उभे दाते असतात, दांडी त्यावर घट्ट बसते आणि वरून नट. दोन वेगळे धातू, त्यांच्यामध्ये पाणी, आणि आपल्याकडे खाडीची खारट हवा. वर्षानुवर्षं हे असंच राहिलं की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी तयार होते आणि दांडी शाफ्टला सिमेंट लावल्यासारखी धरून बसते. नट निघतो, दांडी हलत नाही. वाशी, ऐरोली, ठाणे, खाडीच्या दोन्ही काठांवर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे होणारच.

काढायच्या आधी वायपर एकदा चालवून त्याच्या स्विचनेच बंद करा. चावीने गाडी बंद केली तर दांड्या मध्येच थांबतात. स्विचने बंद केल्यावर त्या आपल्या ठरलेल्या जागी येऊन बसतात आणि ती जागा महत्त्वाची. काचेवर ब्लेडच्या बरोब्बर खाली चिकटपट्टी लावा, दोन्ही बाजूंना. नव्या दांड्या याच खुणेवर बसवायच्या आहेत. एक-दोन दाते इकडेतिकडे झाले तर ब्लेड एका टोकाला पत्र्यावर आपटतं नाहीतर दुसऱ्या टोकाला काचेच्या बाहेर जातं.

मग बुडावरची प्लॅस्टिकची टोपी पेचकसाने हलकेच उचला. खाली नट दिसेल. नट खोलायच्या गोटीचं (सॉकेटचं) माप गाडीप्रमाणे बदलतं, म्हणून 10 ते 15 मिमीपर्यंतच्या गोट्या हाताशी ठेवा. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, शाफ्टच्या टोकाशी दोन-तीन आट्यांवर राहू द्या. याची दोन कारणं. दांडी एकदम सुटली तर उडत नाही, आणि पुलर (दांडी स्क्रूच्या जोरावर वर ओढून काढायचं हत्यार) लावल्यावर शाफ्टचे आटे चेपत नाहीत. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि निदान अर्धा तास गाडीकडे बघू नका. मी संध्याकाळी मारून ठेवला होता आणि काम सकाळी केलं.

हातोडी नको. हे मी तुर्भ्याच्या आमच्या इलेक्ट्रिकवाल्या काकांकडे प्रत्यक्ष पाहिलंय. त्यांच्याकडच्या पोराने दुसऱ्या एका टेम्पोच्या दांडीवर हातोडी उगारली तेव्हा काका आतून ओरडले, "अरे ए, ठेव ती खाली! आतला बुश फुटला तर मालकाच्या गळ्यात अख्खं लिंकेज पडेल." बरोबरच आहे. शाफ्टच्या खाली पत्र्याच्या आड वायपरचं लिंकेज असतं, म्हणजे मोटरपासून दांड्यांपर्यंत हालचाल पोचवणाऱ्या पट्ट्या, आणि त्यांच्या सांध्यांत प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे छोट्या नळकांड्या. वरचा ठोका थेट त्यांना बसतो.

काकांनी मला त्यांच्याकडचा बॅटरी टर्मिनलचा पुलर दिला. म्हणाले, "घेऊन जा बाबा, पण संध्याकाळपर्यंत परत पाहिजे." या पुलरचे दोन पाय दांडीच्या बुडाखाली अडकतात आणि मधला स्क्रू शाफ्टच्या डोक्यावर येतो. स्क्रू थोडा आवळा, थांबा, दांडी हलक्या हाताने डावी-उजवी हलवा, परत थोडा आवळा. ड्रायव्हरच्या बाजूची लगेच निघाली. डाव्या बाजूच्या बुडावर कढत पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवावं लागलं. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे उष्णतेने पकड सैल होते. पाणी काचेवर मात्र ओतायचं नाही. पुलरच्या स्क्रूवर ताण येत येत 'टक्' असा आवाज झाला आणि दांडी सुटली. आत बघितलं तर दात्यांमध्ये ती पांढरी भुकटी अगदी घट्ट भरलेली, नखाने खरवडली तरी निघेना.

हे सगळं करताना काचेवर जाड गोणपाटाची घडी टाकून ठेवा. ब्लेड नसलेली दांडी हातातून सुटली तर स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटते, आणि त्या लोखंडी टोकाने काच तडकते. समोरच्या काचेचा खर्च या दांड्यांच्या कितीतरी पट आहे.

शाफ्टचे दाते तारेच्या ब्रशने चकचकीत घासून घेतले, कोरडे पुसले, दांड्या खुणेवर बसवल्या. दात्यांना ग्रीस लावायचं नाही, तिथली पकड कोरडीच हवी. ग्रीसचा पातळ थर नटाच्या वर, टोपीच्या आत लावायचा, म्हणजे पाणी खाली उतरत नाही. नट घट्ट करा पण अंगातलं सगळं बळ लावू नका, ॲल्युमिनियमचे दाते चेपले तर नवी दांडीही वाया जाते. आणि तपासताना काच आधी ओली करा. कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवू नये.

बसवल्यावर काट्याने परत मोजलं: दोन्ही बाजूंना 700 च्या जवळपास. फरक पहिल्याच सरीत दिसला. तो मधला पट्टा गेला. रबर तेच, फक्त दांडी बदललेली.

पण सगळं गोडगोड नव्हतं. डाव्या बाजूचं ब्लेड रिमझिम पावसात खाली येताना थरथरायचं, कर्र कर्र आवाज करत. वर जाताना गप्प. एकाच दिशेला थरथर असेल तर समजा की दांडी किंचित पिळलेली आहे आणि ब्लेड काचेला काटकोनात नाही. रबराची कड प्रत्येक फेरीला इकडून तिकडे पलटली पाहिजे, इथे ती एका बाजूला पलटतच नव्हती. दांडीच्या टोकाला फडकं गुंडाळून पकडीने अगदी थोडी पिळली, बघितली, परत थोडी. आवाज गेला. माझ्या मते हा घडवण्यातला दोष आहे. नव्या मालाला ग्राहकाने पकड लावायची वेळ येऊ नये. काच भांडी घासायच्या साबणाने धुतल्याचाही उपयोग झाला, कारण ठाणे-बेलापूर रोडवर रोज जाणाऱ्या गाडीच्या काचेवर धुराचा तेलकट थर बसतोच.

पंधरवड्याने नट परत तपासले तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचा किंचित फिरला. नवी दांडी दात्यांवर बसायला थोडे दिवस घेते, त्यामुळे हे एकदा करायलाच हवं.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. 18 आणि 19 तारखेला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे पाऊस कोसळत होता. तुर्भ्याहून निघाल्यापासून वायपर दोन नंबरवर, एकदाही बंद केला नाही. काच साफ. पण त्या वेगात ड्रायव्हरच्या बाजूचं ब्लेड वरच्या टोकाला काचेच्या कडेच्या पट्टीला टकटक लागायला लागलं. एक नंबरवर लागत नव्हतं. दांडीचं टोक धरून हलवलं तर अंगठाभर इकडेतिकडे जात होतं, म्हणजे लिंकेजचा बुश झिजलेला. सैल स्प्रिंगच्या जुन्या दांडीत हे लक्षात येत नव्हतं, नव्या दांडीचा दाब वाढला आणि दिसलं. बुश बदलून घेतले. म्हणून सांगतो, दांड्या घेण्याआधी टोक हलवून बघा. खेळ जास्त असेल तर आधी बुशचं काम करा, ते नव्या दांडीने सुटत नाही.

टोप्यांचा दर्जा मला आवडला नाही. एक टोपी गाडी चालू असताना ऐरोली पुलाच्या आसपास कुठेतरी उडाली. जुन्या दांडीची टोपी लावून काम भागवलं, म्हणून जुन्या टोप्या फेकू नका. रंगही कच्चा आहे. दिवाळीपर्यंत बिजागरीच्या पिनेजवळ काळा रंग सुटून खाली गंज दिसायला लागला. तिथे तेलाचा थेंब सोडत असतो, कारण ती पिन जाम झाली तर स्प्रिंग चांगली असूनही दाब काचेपर्यंत पोचत नाही.

आता फेब्रुवारीत परत काटा लावला. उजवीकडे 670, डावीकडे जवळपास तेवढेच. एका पावसाळ्यानंतर एवढी घट मला मान्य आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस तपासणी दरवर्षी करावी लागते, आणि चालू वायपर ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतली अटच आहे, नियम 101. आरटीओला गाडी नेताना यंदा वायपरची काळजी करावी लागणार नाही.

घ्यायच्या असतील तर जुनी दांडी सोबत घेऊन दुकानात जा. डावी-उजवी वेगळी असते, वाक वेगळा असतो, आणि ब्लेडच्या हुकाचं माप 9 बाय 3 आणि 9 बाय 4 मिमी अशा दोन्ही प्रकारांत मिळतं. चुकीचा हुक बसल्यासारखा वाटतो आणि पावसात ब्लेड निसटतं. शिवाय दाते शाफ्टवर बसतात का ते दुकानातून निघायच्या आधी, गाडी दारात उभी असेल तर तिथेच, बघून घ्या. माझा पुढचा बेत मे महिन्याचा आहे: दोन्ही दांड्या एकदा पुलरने उतरवायच्या, दाते घासायचे आणि परत बसवायच्या, म्हणजे ती पांढरी भुकटी साचायलाच नको.